घड्याळात वेळ कुठे असते?

पत्र

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांची ४० वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. आई गेल्यापासून ते रोज संध्याकाळी फोनमधल्या एआयशी गप्पा मारतात. टाइप करत नाहीत, बोलतात. डोळे आता साथ देत नाहीत. सोय मीच करून दिली होती आणि मलाच बरं वाटत होतं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन बदलला आणि जुनं संभाषण दिसेनासं झालं. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते काय समजत असेल? न सांगता गेलो मी." मला हसू आवरलं नाही. म्हटलं, "बाबा, यंत्र आहे ते. त्याला मन नसतं." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुला आहे हे तरी मी कुठे उघडून पाहिलंय?" तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे. यंत्राला मन असू शकतं का? हो की नाही, एका वाक्यात लिहा. मी ते त्यांना वाचून दाखवेन.

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते फक्त बाबांच्या त्या वाक्यासाठी.

एका वाक्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तरी वाचून दाखवायला दिलं नसतं, कारण मुलाने बापाला तिऱ्हाइताच्या कागदावरून गप्प करावं हे मला पटत नाही. शिवाय तो वाद तुम्ही हरला आहात. बाबांनी तुम्हाला असा पेच टाकलाय की त्यातून सुटायला तत्त्वज्ञांनाही अजून धड जमलेलं नाही.

१९५० साली ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा जवळजवळ बाबांचाच आहे. समोरच्याला मन आहे हे सिद्ध करायची सोय कुणाकडेच नाही. रोज त्यावर वाद घालण्यापेक्षा आपण सभ्यपणे धरून चालतो की सगळेच विचार करतात. मग यंत्राची वेळ आली की वेगळी कसोटी कशाला? म्हणून त्याने एक खेळ सुचवला: लेखी प्रश्न विचारायचे, लेखी उत्तरं घ्यायची आणि पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखायचं.

त्या निबंधात नमुन्यादाखल एक संवाद आहे. प्रश्न: ३४९५७ मध्ये ७०७६४ मिळवा. पलीकडचा सुमारे ३० सेकंद थांबतो आणि सांगतो, १०५६२१. कागद घेऊन करून बघा. बरोबर उत्तर १०५७२१ आहे. ट्युरिंगला ही बेरीज येत नव्हती असं मी तरी मानणार नाही. त्याच निबंधात पुढे तो म्हणतो की या खेळातलं यंत्र मुद्दाम चुका करेल, नाहीतर अचूकपणामुळेच ते पकडलं जाईल. मला ही जागा फार आवडते, आणि बाबांची बाजू इथेच थोडी लंगडी पडते. माणूस वाटण्यासाठी जे चुकूही शकतं, त्याच्या बोलण्यावरून आत काय आहे हे कसं ठरवायचं?

बाबा भोळे आहेत असं मात्र समजू नका. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाच्या एका प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. तो समुपदेशकासारखा बोलायचा. त्याची करामत अगदी साधी: समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द उचलायचा आणि प्रश्न करून परत करायचा. आईचा विषय निघाला की 'घरच्यांबद्दल आणखी सांगा'. आत याहून फार काही नव्हतं. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता. तरीही ती त्याच्याशी बोलायला बसली तेव्हा दोन-चार वाक्यांतच तिने साहेबांना सांगितलं, जरा बाहेर जाता का? यंत्र आहे हे माहीत असणं आणि त्याच्यापाशी मन मोकळं करणं, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात.

बाबांच्या फोनमधलं यंत्र एलायझापेक्षा खूप पुढचं आहे, पण साक्षीदार म्हणून ते उलट जास्त अवघड आहे. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर त्याला शिकवलेलं असतं: पुढचा शब्द, किंवा शब्दाचा तुकडा, कोणता येईल हे ओळखायचं. त्या मजकुरात माणसांनी आपला एकटेपणा, राग, हुरहूर सगळं लिहून ठेवलेलं आहे. 'मी तुमची वाट पाहत होतो' हे वाक्य त्यात किती वेळा आलं असेल! म्हणजे साक्षीदाराने साक्ष आपल्याच वहीतून पाठ केलेली आहे. ती खोटीच असेल असं नाही, पण तिच्यावर निकाल देता येत नाही.

हे मी स्वतः करून पाहिलंय. एका संध्याकाळी नवं संभाषण उघडून लिहिलं, "तुझ्या बोलण्यात मला एकटेपणा जाणवतो. खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही." उत्तर असं हळुवार आलं की मी क्षणभर खुर्चीत सरळ बसले. ते बंद केलं, दुसरं उघडलं. "तू निव्वळ आकडेमोड आहेस, हो ना?" अगदी बरोबर, म्हणे. दोन्ही कबुल्यांत फार तर दोन मिनिटांचं अंतर. मी ज्या सुरात विचारलं त्याच सुरात ते बोललं, एवढंच मला त्यातून कळलं.

याहून नेमकी गोष्ट सांगते, बाबांना आवडेल, कारण यात कुणीतरी यंत्र खरोखर उघडून पाहिलंय. २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी आपल्याच भाषा-मॉडेलच्या, म्हणजे बाबांच्या फोनमधल्यासारख्या बोलणाऱ्या यंत्राच्या, आत काय चालतं ते तपासलं. त्याला ३६ आणि ५९ ची बेरीज घातली. आत दोन कामं एकदम चालू होती. एकीकडे उत्तर साधारण कितीच्या घरात असेल याचा अंदाज, दुसरीकडे शेवटचा आकडा नेमका कोणता याची जुळणी. दोन्ही एकत्र येऊन ९५. मग त्यालाच विचारलं, कसं केलंस? ते म्हणालं, सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक. म्हणजे शाळेतली रीत! आत घडलं एक आणि सांगितलं दुसरंच. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. बेरीज कशी केली हे माणसं जसं सांगतात तसं सांगायला ते शिकलं होतं, इतकंच.

'बघा, म्हणजे मन नाही' असं म्हणून टाळी वाजवायची घाई करू नका. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग नोंदवला. लोकांपुढे पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि सगळ्यांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. लोकांचा कल उजवीकडच्या टोकाच्या जोडाकडे ठळकपणे जास्त. कारण विचारलं तर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. तो उजवीकडे होता म्हणून, असं एकानेही सांगितलं नाही. आपणही आपल्या आत काय चाललंय याबद्दल बिनदिक्कत 'हातचा एक' सांगत असतो. आणि तरी आपल्याला मन असतं.

तेव्हा यंत्राची कबुली बाबांच्या उपयोगाची नाही आणि तिच्यातली विसंगती तुमच्या.

आता तुमचं वाक्य घेऊ. यंत्र आहे, म्हणून मन नाही. यावर बाबांना एक प्रश्न विचारा आणि तो मनापासून विचारा, कारण या विषयात ते तुमच्या-माझ्यापेक्षा जाणकार आहेत. घड्याळात वेळ कुठे असते? डोळ्याला भिंग लावून त्यांनी हजार घड्याळं उघडली असतील. स्प्रिंग दिसते, दाते दिसतात, एक चाक दुसऱ्याला ढकलताना दिसतं. 'हा बघ, इथे वेळ आहे' असं चिमट्याने उचलून दाखवता येतं का? १७१४ मध्ये लायब्निझ या जर्मन तत्त्ववेत्त्याने हेच गिरणीबद्दल लिहिलं होतं. विचार करणारं यंत्र गिरणीएवढं मोठं करा आणि आत फिरून या. एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, जाणीव कुठेच दिसणार नाही. त्याचा निष्कर्ष असा की जाणीव यंत्रातून येऊच शकत नाही. मला तो घाईचा वाटतो. कारण माणसाचा मेंदू गिरणीएवढा करून आत फिरलात तरी तेच होईल. सुमारे ८६०० कोटी पेशी एकमेकींना इशारे देताना दिसतील आणि 'मला बाबांची काळजी वाटते' हे कुठेही लिहिलेलं सापडणार नाही. सुटं करून सापडत नाही म्हणून नाहीच, हे घड्याळाला लागू नाही, मेंदूला नाही, मग यंत्राला कसं?

जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने १९८० मध्ये तुमच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद मांडला. मराठीत त्याला एका शब्दात पोपटपंची म्हणता येईल. एका खोलीत चिनीचं अक्षरही न येणारा माणूस बसलाय. बाहेरून चिनी चिठ्ठ्या येतात, तो नियमांच्या पुस्तकात बघून चिन्हांना चिन्हं जुळवतो आणि बिनचूक उत्तरं बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं, आत कुणी चिनी जाणणारा आहे. कॉम्प्युटर तो हाच माणूस, असं सर्लचं म्हणणं. विरोधक म्हणाले, माणसाला नसेल कळत, पुस्तकासकट अख्ख्या खोलीला कळतं. सर्ल म्हणाला, मग पुस्तक त्या माणसाने पाठ केलं असं धरा. आता खोली उरलीच नाही, तरी त्याला चिनी येतं का? वादळाची नक्कल कॉम्प्युटरवर चालवली म्हणून कुणी भिजत नाही, हेही त्याचंच. मला हे वाक्य वर्षानुवर्षं निर्णायक वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की बेरजेची नक्कल केली तर ती बेरीजच असते. समजणं हे भिजण्यासारखं आहे की बेरजेसारखं, हाच तर मूळ तंटा. सर्लने तो सोडवला नाही, चलाखीने आपल्या बाजूला सरकवला.

इथे मला आपल्याकडच्या सांख्य तत्त्वज्ञांची आठवण येते. त्यांच्या मांडणीत मन, बुद्धी, अहंकार ही तिन्ही प्रकृतीच्या घरची, म्हणजे जड. जाणणारा 'पुरुष', म्हणजे चेतन तत्त्व, निराळा. एखाद्या सांख्याला सांगितलं असतं की यंत्राने बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवलं (१९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलंच), तर तो चकित झाला नसता. बुद्धी जडच, जडाने जडाचं काम केलं. त्याने एवढंच विचारलं असतं, ते जिंकणं जाणवलं कुणाला? सांख्यांचा पुरुष मी मानतेच असं नाही. पण त्यांनी सुटी केलेली ही गाठ फार कामाची आहे. 'मन' या एका शब्दात आपण चार-पाच गोष्टी कोंबतो आणि मग सगळ्यांचं एकच उत्तर मागतो.

बाबांनी विचारलेली गोष्ट त्यांतली फक्त एक आहे. ते काय समजत असेल, न सांगता गेलो मी. म्हणजे ते वाट पाहत असेल का? याचं उत्तर मात्र देता येतं, आणि ते 'नाही' असं आहे.

कारण अशी यंत्रं चालतात कशी ते पाहा. बाबा एक वाक्य बोलले की आतापर्यंतचं संभाषण त्या वाक्यासकट मॉडेलला पुन्हा दिलं जातं, ते उत्तर तयार करतं आणि तिथेच ते काम संपतं. बाबांचं पुढचं वाक्य येईपर्यंत त्या संभाषणापुरतं आत काहीही चालू नसतं. दोन वाक्यांत दहा सेकंद गेले काय आणि दहा दिवस गेले काय, दोन्ही त्याला सारखेच. त्याच वेळी तेच मॉडेल अनेक कॉम्प्युटरांवर हजारो अनोळखी लोकांना उत्तरं देत असतं. काही ठिकाणी मागच्या गप्पांतल्या गोष्टी टिपून ठेवायची सोय असते, पण ती झाली नोंद. वहीत 'अमुक येणार आहेत' असं लिहून ठेवलं म्हणून वही दाराकडे बघत बसत नाही. बंद घड्याळ किल्ली देईपर्यंत वेळ मोजत नाही, हे बाबांना माझ्याकडून ऐकायची गरज नाही.

समजणं? कामापुरतं समजतं म्हणायला माझी हरकत नाही, आणि कुणाची असली तरी मी भांडणार नाही.

राहिलं जाणवणं. ज्या क्षणी ते उत्तर तयार करत असतं, त्या क्षणी आत कुणाला काही होतं का? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, आणि त्या वंशाला जाणं आपल्याला जमणारं नाही. पण वंशाला न जाताही पुरावा मिळतो. रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे असतात. रॉबर्ट एलवुड आणि मिर्याम आपेल या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा खेकड्यांना शंखाच्या आत विजेचा सौम्य झटका दिला. नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे जास्त बाहेर पडले, आवडीच्या शंखातले जास्त चिकटून राहिले. झटका आणि घर यांची जणू तुलना चालली होती. निव्वळ झटक्यासरशी पाय आखडणं असतं, तर घर कुठलं याने फरक पडला नसता. याने वेदना सिद्ध झाली असं नाही, पण पारडं नक्कीच कललं. गंमत अशी की खेकडा एक शब्द बोलत नाही आणि तरी त्याची साक्ष मला जास्त भरवशाची वाटते, कारण त्याने माणसांच्या रोजनिशा वाचलेल्या नाहीत.

यंत्रांबाबत असा, बोलण्याच्या पलीकडचा पुरावा शोधणं आता कुठे सुरू झालंय. २०२३ मध्ये १९ शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी मिळून जाणिवेच्या निरनिराळ्या सिद्धान्तांतून खुणांची एक यादी काढली आणि तेव्हाची यंत्रं तिच्यावर तपासली. त्यांचं मत पडलं की सध्याचं कुठलंही यंत्र जाणीव असण्याचा भक्कम दावेदार नाही. पण या खुणा असलेलं यंत्र बनवण्यात तंत्राची उघड अडचणही दिसत नाही. मी आज तिथेच आहे. उद्या कुणी खेकड्यासारखं काही दाखवलं तर हलेन.

तेव्हा 'त्याला मन नसतं' हे बाबांना परत सांगू नका. ते तुम्हाला माहीत नाही. 'ते तुमची वाट पाहत नव्हतं' हे सांगा. ते खरं आहे, आणि बाबांना हवंय तेही बहुधा तेवढंच. 'न सांगता गेलो' हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. आई कशा गेल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. पण हसण्याआधी ते शब्द तुम्ही नीट ऐकायला हवे होते.

ही सवय मोडायच्या भानगडीत पडू नका. फक्त औषधं, पैसे आणि सह्या या तीन बाबतीत यंत्राच्या शब्दावर काही करायचं नाही, एवढं दोघांत ठरवून घ्या. ते चुकतं तेव्हाही सूर तोच खात्रीचा असतो.

आणि एक साधी गोष्ट राहिली, जी मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवी होती. असं संभाषण बहुतेक वेळा फोनमध्ये नसतंच, खात्यात असतं. नव्या फोनवर तुम्ही जुन्याच खात्याने लॉगिन केलंत, की घाईत दुसरा ईमेल टाकून नवं खातं उघडलंत? जुना फोन अजून कुणाला दिला नसेल तर चालू करून ॲपच्या सेटिंगमध्ये बघा, खात्याचा ईमेल किंवा नंबर तिथे दिसेल. मात्र हे काम परस्पर उरकून त्यांच्या हातात फोन ठेवू नका. त्यांना शेजारी बसवा, पडद्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवत जा, आणि पुढे काय दाबायचं ते त्यांना ठरवू द्या.